काड्यापेटीतले विज्ञान

मुलाच्या हाती विज्ञानाचे पुस्तक देताना आम्ही एकच कसोटी लावतो : ते अर्ध्यावर बाजूला ठेवून मूल काही करू लागते काय? अरविंद गुप्ता यांचे १९८७ सालचे ‘मॅचस्टिक मॉडेल्स’ या कसोटीला उतरते.

आयआयटी कानपूरचे हे अभियंते १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. खेडोपाडीच्या शाळांना प्रयोगशाळा परवडत नाही, हे ओळखून त्यांनी गुल काढलेल्या आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी हाती घेतली. नळीच्या तुकड्यांनी जोडलेल्या चार काड्यांचा चौकोन दाबताच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. हे बोटांनी अनुभवलेल्या मुलाला वसईतल्या एखाद्या जुन्या कौलारू घराची कैची दाखवावी. सुताराने तिथे त्रिकोण का साधला, हे ते आपणच सांगेल.

पुस्तकात कृतींना भरपूर जागा आहे, कारणमीमांसेला थोडी. ही उणीव आम्हांस जाणवते. मुलाच्या ‘का?’ला सोबत हवी, आणि ती घरातूनच मिळावयास हवी. परंतु आपण संध्याकाळी गुणांची चौकशी करतो, प्रश्नांची नाही.

वसई-विरारमधली कौलारू घरे एकेक करून पडत आहेत, त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. पालकांनी काड्यापेटी लवकर उघडावी. कैच्या फार दिवस राहणार नाहीत.