वेताळाची तारीखवार बखर

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीसारख्या गावी ज्या काळी चित्रकथा येत, त्या काळी त्या क्रमाने याव्यात अशी अपेक्षाच कोणी बाळगीत नसे. मुंबईहून आलेल्या पाहुण्याच्या पिशवीतून, एस.टी. स्टँडवरील पुस्तकांच्या मांडणीवरून किंवा रद्दीच्या गठ्ठ्यातून इंद्रजाल कॉमिक्सचा जो अंक हाती लागे, तो पाने सुटेपर्यंत वाचावयाचा आणि बदल्यात दुसरा मिळवावयाचा, एवढाच शिरस्ता होता. त्यामुळे त्यांतला मुखवटाधारी नायक वेताळ आम्हांला कालाच्या बाहेरचा वाटला. एका अंकात तो ब्रह्मचारी असे, दुसऱ्यात दोन मुलांचा पिता असे, आणि ह्या दोहोंमधली वर्षे कोठे गेली असा प्रश्न कोणाच्या मनात उद्भवत नसे. तोच संग्रह मूळ निर्मितीच्या तारखांबरहुकूम लावून आरंभापासून वाचावयास घेतला म्हणजे मात्र बालपणी जी एक अखंड मूर्ती भासली होती, ती पाच-सहा दशकांच्या घडणीतून, दुरुस्त्यांतून आणि पश्चात्तापांतून सिद्ध झालेली आहे, हे स्पष्ट दिसू लागते.

हा क्रम लावणेही सोपे नाही, कारण येथे क्रम एक नसून तीन आहेत. ली फॉक ह्या अमेरिकन लेखकाने १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वृत्तपत्रातील दैनिक पट्टीच्या रूपाने ही कथा सुरू केली, तो पहिला क्रम; टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढून त्यांतील निवडक कथा इंग्रजीत, आणि मराठीसह भारतीय भाषांत, १९९० पर्यंत प्रसिद्ध केल्या, तो दुसरा; आणि १५३६ साली चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेल्या पहिल्या वेताळापासून एकविसाव्यापर्यंतचा जो कल्पित वंशेतिहास, तो तिसरा. इंद्रजालच्या पहिल्याच अंकात पित्याच्या मारेकऱ्याचा आणि त्याने पळविलेल्या कमरपट्ट्याचा शोध घेणारी जी कथा आली, ती मूळची १९५४ सालची. म्हणजे इंद्रजालच्या वाचकाची आणि वेताळाची भेट झाली ती त्याच्या चरित्राच्या अठराव्या वर्षी, आणि पुढेही ती मागेपुढे उड्या मारीतच चालू राहिली.

मूळ क्रमाने वाचताना पहिला धक्का पहिल्याच कथेत बसतो. दिवसा ऐषआरामात लोळणारा जिमी वेल्स नावाचा श्रीमंत तरुण रात्री मुखवटा चढवून वेताळ होतो, अशी फॉकची आरंभीची योजना होती, व तिच्या खुणा त्या कथेत उघड शिल्लक आहेत. परंतु कथा चालू असतानाच लेखकाने ती सोडून दिली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या शपथेची कल्पना स्वीकारली. दररोज छापून जाणाऱ्या कथेत मागचे पुसून टाकण्याची सोय नसते, म्हणून हे मतपरिवर्तन कागदावर कायम राहिले. माझ्या मते ह्या एका निर्णयाने वेताळाला चिरायुष्य दिले. दिवस-रात्र वेगळी सोंगे घेणारे नायक त्यानंतर ढीगभर झाले, परंतु आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ ज्याच्या वंशात वतनासारखी चालते, असा नायक दुसरा नाही.

चित्रकलेचाही ओघ असाच उलगडत जातो. रे मूरच्या आरंभीच्या रेखाटनात काळोख फार आहे, आणि वेताळ त्यातून अर्धाच प्रकट होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काम हाती घेणाऱ्या विल्सन मॅकॉयची रेषा सरळ, जाड व काहीशी बालिश. आणि १९६१ पासून १९९४ पर्यंत हे काम सांभाळणाऱ्या साय बॅरीच्या हाती शरीररचना, वनश्री व प्राणी ह्या सर्वांना सफाई आली. मराठी वाचकाच्या स्मरणातला वेताळ बहुधा बॅरीचा असतो. सफाईचा मान त्याला द्यावाच लागेल. तथापि भयाचा अनुभव मूरनेच दिला, आणि पुढे वेताळ जितका देखणा होत गेला तितके त्याच्याविषयीचे गूढ कमी झाले, असे म्हणणे मला प्राप्त आहे. शिवाय इंद्रजालच्या ठरावीक पानांत मूळ कथा बसविण्यासाठी चौकटी कापल्या गेल्या, आणि त्या कापाकापीत पहिला बळी गेला तो शांत, घटनाशून्य अशा चित्रांचा, ज्यांच्यामुळे अरण्याला खोली येत होती.

ह्या वाचनातील सर्वांत अवघड भाग म्हणजे आरंभीच्या कथांतील जगाची मांडणी. गोरा पुरुष कवटीच्या सिंहासनावर बसतो आणि अरण्यवासी त्याला नमन करतात, हे चित्र स्वतंत्र भारतातील वाचकाने निमूटपणे स्वीकारावे असे नाही. भारतीय संपादकांनी सावधगिरी म्हणून नावे बदलली: बंगालशी साम्य असलेल्या मुलखाचे डेंकाली केले, सिंग चाच्यांचे सिंगा केले, मारेकरी रामाचा रामालू केला. पण नावे बदलून दृष्टी बदलत नाही. ती बदलली फॉकने स्वतः, आणि तीही हळूहळू. एकोणीसशे साठनंतरच्या कथांत तो मुलूख स्वतंत्र प्रजासत्ताक होतो, लुआगा हा निवडून आलेला आफ्रिकी अध्यक्ष होतो, आणि वेताळ त्याचा मित्र व साहाय्यक म्हणून वावरतो. सुटे अंक वाचणाऱ्याला हे संक्रमण दिसत नाही. ते दिसावे म्हणून तरी हा संग्रह क्रमाने वाचला पाहिजे.

आणि हे वाचन नेसरीत बसून करणाऱ्याला आणखी एक विचार टाळता येत नाही. ह्याच गावाजवळच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि सातही जण पडले. प्रतापरावांचे मूळ नाव कुडतोजी. प्रतापराव हा किताब. त्यांच्यामागून सेनापतिपद ज्यांच्याकडे गेले त्या हंसाजी मोहित्यांनाही आपण हंबीरराव ह्या किताबानेच ओळखतो. माणूस पडतो, पद उभे राहते, आणि पदाच्या तेजात मूळ नाव झाकले जाते: वेताळाच्या वंशाचे तत्त्व ह्याहून वेगळे नाही. फरक आहे तो दप्तराचा. कवटीच्या गुहेत प्रत्येक वेताळ आपल्या कारकीर्दीची नोंद स्वहस्ते लिहून ठेवतो, आणि एकविसावा वेताळ अडचणीच्या वेळी ते जुने ग्रंथ काढून वाचत बसतो. इकडे प्रतापरावांबरोबर खरोखर प्राण देणाऱ्या सहा जणांच्या नावांबाबत आजही एकमत नाही. कल्पित वीरांचे दप्तर संपूर्ण आणि खऱ्या वीरांचे त्रुटित, ही गोष्ट मनाला लागून राहते.

डिसेंबर १९७७ च्या कथेत वेताळाचा डायना पामरशी विवाह झाला व १९७९ मध्ये जुळी मुले जन्मली. पुष्कळ वाचक ह्याला उतरती कळा समजतात. मला ते मान्य नाही. वारस नसता तर शपथेला अर्थच उरला नसता.

राहता राहिला प्रश्न मराठी चित्रकथेचा, आणि तेथे जमाखर्च प्रतिकूल आहे. इंद्रजालमध्येच डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती ह्यांचा बहादूर अवतरला. डाकूचा मुलगा गावांच्या रक्षणासाठी उभा राहतो, ही ह्या मातीत रुजणारी कल्पना होती. अनंत पै ह्यांनी १९६७ पासून अमर चित्रकथा उभी केली, आणि राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम ह्यांच्यासारख्या चित्रकारांनी तिला रूप दिले. त्याच मुळीकांच्या कुंचल्याने पुढे हिंदीतील नागराज घडला. हात आपले होते, शैली आपली होती. पण दशकानुदशके चालणारा, वाचकाबरोबर वयाने वाढणारा एकही महानायक मराठी चित्रकथेने निर्माण केला नाही. आपल्या प्रकाशकांनी चित्रकथेला मुलांची करमणूक समजून शिवाजी, राणा प्रताप आणि पंचतंत्र ह्यांच्या आवृत्त्यांवर समाधान मानले, हे त्याचे मुख्य कारण होय.

ज्यांच्या माळ्यावर मराठी इंद्रजालचे अंक अजून पडून असतील, त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. अंकाचा क्रमांक, महिना व वर्ष वहीत उतरवून ते गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या स्वाधीन करावेत, आणि वाचनालयांनी ते बालविभागात न टाकता बांधीव खंडांच्या रूपाने संदर्भविभागात ठेवावेत.