छायेचे स्वातंत्र्य : ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’मधील चमत्कृतिदृश्ये

फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’ १९९२ साली प्रदर्शित झाला, तेव्हा चित्रपटसृष्टीत संगणकीय चमत्कृतींचे युग सुरू झाले होते. तरीही त्यातील बहुतेक चमत्कृती त्यांनी आपले पुत्र रोमन यांच्या साहाय्याने जुन्या रीतीने, कॅमेऱ्यातच सिद्ध केल्या. हा केवळ पुराणप्रियतेचा हट्ट होता काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो.

त्याचे उत्तर कथेच्या काळात सापडते. स्टोकर यांची कादंबरी १८९७ साली प्रसिद्ध झाली. त्यापूर्वी जेमतेम दीड वर्ष, डिसेंबर १८९५ मध्ये, ल्यूमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये शुल्क आकारून चलच्चित्रांचा जाहीर खेळ केला होता. हे साहचर्य कपोला यांनी नेमके हेरले आहे. ड्रॅक्युला लंडनमध्ये मीनेला गाठतो, तो रस्ता हाताने फिरवावयाच्या पाथे कॅमेऱ्याने टिपलेला आहे. आणि पुढे ती दोघे जातात तीही चलच्चित्रांच्या खेळालाच. मृतांना हालते ठेवणारा पडदा आणि मरणोत्तर वावरणारा उमराव ही एकाच काळाची अपत्ये होत, हे येथे शब्दांवाचून सुचविले जाते.

यामुळेच साधने आशयाशी एकजीव होतात. आरंभीचे १४६२ सालचे युद्ध रक्तवर्ण आकाशापुढील काळ्या आकृतींनी, छायाबाहुल्यांच्या खेळाप्रमाणे, उभे केले आहे. त्यात माणूस कोणता व बाहुली कोणती हा भेदच पुसला जातो. ल्यूसी शवपेटीत परतते ते दृश्य उलट्या क्रमाने चालविले आहे. परिणामी तिच्या हालचालीत जिवंत देहाची लय उरत नाही. परंतु सर्वांत अर्थपूर्ण युक्ती छायेची. हार्करशी सौजन्याने बोलणाऱ्या ड्रॅक्युलाची छाया वस्तुतः दुसऱ्याच नटाची आहे. ती धन्याच्या हालचालींशी फारकत घेते आणि हार्करकडे हात पसरते. सभ्य वाणी जे झाकते, ते छाया उघड करते. प्रेक्षकाला युक्ती उमगली तरी भय ओसरत नाही. कारण पडद्यावर खरोखर काहीतरी हाललेले असते.

तथापि या यशाला मर्यादा आहे. जेथे छाया इतकी सजीव, तेथे हार्करसारखी हाडामांसाची पात्रे फिकी पडतात. आणि अखेरच्या पाठलागात वेग वाढतो तसतसा युक्त्यांमागील अर्थ विरळ होत जातो. मात्र हा दोष जुन्या साधनांचा नव्हे. जेथे ती पिशाच्चाच्या स्वभावातून उगवली तेथे ती अटळ वाटतात. जेथे तो धागा सुटला तेथे केवळ कौशल्य उरते.