कुलूप, किल्ली आणि अभ्यासकाचा अधिकार : ‘हॅकिंग द एक्सबॉक्स’ या ग्रंथाचे समीक्षात्मक आकलन

प्रास्ताविक :
गेम कन्सोलविषयीची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : खेळाची विनापरवाना प्रत काढणे ही चोरी आहे काय? विकण्यासाठी वा फुकट खेळण्यासाठी काढलेली प्रत बेकायदेशीर आहे, याविषयी फारसे दुमत नाही. खरा वाद त्यापुढचा आहे. पैसे देऊन विकत घेतलेल्या यंत्राचे कुलूप उघडून त्याची रचना समजून घेण्याचा अधिकार अभ्यासकाला आहे की नाही, हा तो वाद होय. अँड्र्यू ‘बनी’ हुआंग यांचा ‘हॅकिंग द एक्सबॉक्स’ (नो स्टार्च प्रेस, २००३) हा ग्रंथ या वादाच्या केंद्रस्थानी आहे. त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथाचे स्वरूप :
शीर्षकावरून हा ग्रंथ कुलूपतोडीची कृतिपुस्तिका वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात ते उलट-अभियांत्रिकीचे क्रमबद्ध पाठ्यपुस्तक आहे. यंत्राचे आवरण कसे उघडावे, सोल्डरिंग कसे करावे, दर्शनी दिवा कसा बदलावा, अशा साध्या कृतींपासून लेखक वाचकाला सुरक्षाव्यवस्थेच्या गाभ्यापर्यंत नेतो. वापरणाऱ्याने केवळ ग्राहक न राहता जिज्ञासू व्हावे, ही भूमिका ग्रंथभर जाणवते.

मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेत विक्रीस आणलेला एक्सबॉक्स अंतरंगाने जवळजवळ सामान्य संगणकच होता. त्यात ७३३ मेगाहर्ट्‌झचा इंटेल प्रोसेसर आणि हार्ड डिस्क होती. यंत्र तोट्यात विकून खेळांच्या परवान्यांतून उत्पन्न मिळवावयाचे, असे या व्यवसायाचे गणित असल्यामुळे कंपनीने मान्यता दिलेलेच प्रोग्रॅम त्यावर चालावेत अशी व्यवस्था केलेली होती. रॉममध्ये दिसणारा आरंभीचा आज्ञासंच फसवा होता. खरा, ५१२ बाइटांचा आज्ञासंच आणि त्यातील गुप्त किल्ली दुसऱ्या एका चिपच्या पोटात दडवलेली होती. परंतु यंत्र सुरू होताना हाच संच दोन चिपांमधील वाहिनीवरून उघड्या रूपात प्रोसेसरकडे जात असे. एवढ्या वेगवान वाहिनीवरील संकेत कोणी टिपू शकणार नाही, या गृहीतकावर सारी मदार होती. हुआंग यांनी २००२ मध्ये स्वतः बनवलेल्या सर्किट बोर्डाच्या साहाय्याने ते संकेत टिपले आणि गृहीतक कोसळले. सर्व यंत्रांना एकच किल्ली असल्याने एका यंत्राचे रहस्य हे सर्वांचेच रहस्य ठरले. लपवणूक म्हणजे सुरक्षा नव्हे, हा धडा येथे प्रयोगाने सिद्ध होतो. ग्रंथाचे शैक्षणिक मूल्य मुख्यतः यात आहे.

विद्यापीठाची भूमिका :
प्राध्यापकवर्गाने विशेष लक्ष द्यावे असा भाग या संशोधनाच्या प्रकाशनकथेत आहे. हुआंग त्या वेळी एमआयटीमध्ये पीएच.डी.चे विद्यार्थी होते. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यातील कलम १२०१ ची शब्दरचना अशी आहे की, प्रत काढली गेली किंवा नाही याचा विचार न करता कुलूप ओलांडणे हीच निषिद्ध कृती ठरू शकते. त्यातील संशोधनविषयक अपवाद अरुंद आहेत. विद्यापीठाच्या विधी विभागाने या कामाशी संबंध नाकारला. आर्टिफिशियल इंटेलिजन्स प्रयोगशाळेतील अध्यापक मात्र विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि निष्कर्ष प्रयोगशाळेच्या ज्ञापिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. पुढे ग्रंथाच्या पहिल्या प्रकाशकानेही याच कायद्याच्या धास्तीने माघार घेतली. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी ही स्थिती होती. प्रती विकणाऱ्याला कायद्याची फिकीर नसते. प्रामाणिक संशोधक मात्र आधी वकील गाठतो. २०१६ मध्ये हुआंग आणि संगणकशास्त्रज्ञ मॅथ्यू ग्रीन यांनी या कलमालाच घटनात्मक आव्हान दिले, परंतु २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ते अमान्य केले.

मर्यादा :
असे असले तरी ग्रंथाची बाजू निःशंकपणे स्वीकारता येत नाही. सर्किट बोर्डावर जोडलेली जी मॉड-चिप एक्सबॉक्सवर लिनक्स चालवू देते, तीच नकली खेळही चालवू देते. ग्रंथ चोरीचे समर्थन करीत नाही, तरीही साधन आणि हेतू यांतील या ताणाची जेवढी खोल मीमांसा अपेक्षित होती तेवढी त्यात आढळत नाही. खेळ तयार करणाऱ्या लहान संस्थेच्या दृष्टीने हा ताण तात्त्विक नसून पोटापाण्याचा आहे.

या ताणाचा विचार ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्टीव्हन्स विरुद्ध सोनी या खटल्यात अधिक नेमकेपणाने केला. प्लेस्टेशनमधील व्यवस्था प्रत काढण्यास अटकाव करीत नाही, ती आधीच काढलेली प्रत चालू देत नाही एवढेच. म्हणून तत्कालीन कायद्याच्या व्याख्येत ती संरक्षित उपाययोजना ठरत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. विधिमंडळाने २००६ मध्ये कायदा बदलला ही गोष्ट खरी. तथापि प्रत काढणे आणि यंत्र वापरणे या दोन कृती भिन्न आहेत, हा विवेक त्यामुळे रद्द होत नाही.

भारतीय संदर्भ :
भारतीय स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. कुलूप ओलांडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. मात्र हक्कभंगाचा हेतू असणे आवश्यक आहे. कूटलेखनाचे संशोधन आणि मालकाच्या परवानगीने केलेली सुरक्षाचाचणी यांना सूट आहे. संगणक प्रोग्रॅमची तत्त्वे जाणण्यासाठी त्याचे निरीक्षण व परीक्षण करण्याची मुभा कलम ५२ मध्ये आहे. हेतूला केंद्रस्थानी ठेवणारी ही रचना अमेरिकी कलमापेक्षा समंजस म्हणावी लागेल. तथापि कायद्याने निषिद्ध नसलेल्या कामासाठी दुसऱ्याला कुलूप ओलांडण्यास साहाय्य करणाऱ्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता व प्रयोजन यांची पूर्ण नोंद ठेवावी, अशी अटही तेथे आहे. प्रयोगशाळेत असे काम करवून घेणाऱ्या अध्यापकाने ही अट नजरेआड करू नये.

समारोप :
‘हॅकिंग द एक्सबॉक्स’ प्रत काढण्याच्या वादाचा निकाल लावत नाही. समजून घेणे, उघडणे आणि नक्कल करणे या तीन कृती वेगळ्या आहेत, हे मात्र तो ठामपणे दाखवतो. २०१३ मध्ये, त्याच वर्षी निधन पावलेल्या ॲरन स्वॉर्ट्‌झ यांच्या स्मृत्यर्थ, त्याची ई-आवृत्ती विनामूल्य खुली करण्यात आली. त्यामुळे आपल्या महाविद्यालयांतील इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र आणि विधी या तिन्ही विभागांना तो एकत्र वाचता येईल. तसे वाचन होणे अगत्याचे आहे. कारण उद्या आपलाच एखादा विद्यार्थी असे यंत्र उघडून बसेल, तेव्हा संस्था त्याच्याशी संबंध नाकारणार की त्याच्या पाठीशी उभी राहणार, हे आधीच ठरवून ठेवावे लागेल.