स्थलसापेक्ष मांडणशिल्प

विशिष्ट कलादालनाची वास्तुरचना हाच ज्याच्या आशयाचा आधार असतो, असे मांडणशिल्प. या प्रकाराचे सामर्थ्य व मर्यादा फ्रेंच कलावंत दान्येल ब्यूरेन (१९३८– ) याच्या पँत्यूर-स्क्यूल्प्त्यूर (म. शी. ‘चित्र-शिल्प’, १९७१) या कृतीत स्पष्ट होतात. न्यूयॉर्क येथील गुगेनहाइम संग्रहालयाची वास्तू (१९५९) फ्रँक लॉइड राइटची असून तीत मध्यवर्ती पोकळीभोवती सर्पिलाकार उतरता मार्ग आहे. या पोकळीत ब्यूरेनने सु. २० मी. उंच व १० मी. रुंद पट्टेदार कापड टांगले. मार्गावरून चालताना ते कधी विस्तीर्ण पृष्ठ, तर कधी केवळ उभी रेषा भासे. आपल्या कृती झाकल्या जातात, अशी हरकत डॅन फ्लॅव्हिन, डॉनल्ड जड आदी सहभागी कलावंतांनी घेतल्याने प्रदर्शन खुले होण्यापूर्वीच ते उतरविण्यात आले. हरकत निराधार नव्हती. तथापि इतर कृतींचे दर्शनही त्या पोकळीवरच अवलंबून होते, हे तिनेच सिद्ध केले. जागेबाहेर मात्र अशा कृतीला अर्थ उरत नाही. ती मुख्यत्वे छायाचित्रांतूनच परिचित राहते. २००५ मध्ये त्याच संग्रहालयात ब्यूरेनने आरशांची उंच रचना उभारली. ती नेत्रदीपक होती. परंतु संस्थेने सन्मानाने निमंत्रिलेल्या विरोधाला पूर्वीची धार राहिली नाही.