निओबेची शिळा व ग्रीक वीरकथांतील पाषाणसाक्ष

ग्रीक पुराणांतील वीरांच्या व वीरकुलांतील स्त्रियांच्या कथा अनेक सुळक्यांस, शिळांस व खडकाळ मैदानांस चिकटलेल्या आहेत. त्यांची मीमांसा करितांना पुष्कळ लेखक एकच सिद्धांत गृहीत धरितात : आधीं खडकाची विलक्षण आकृति, मागाहून तिची उपपत्ति सांगणारी कथा. सिद्धांत सुटसुटीत आहे, व म्हणूनच तो तपासून घेणें अवश्य आहे. सुदैवानें या प्रकरणीं खुद्द प्राचीन ग्रंथकारांच्या साक्षी उपलब्ध आहेत. त्यांच्या आधारें तीन स्थळांचा विचार येथें कर्तव्य आहे.

(१) सिपिलस पर्वत. टँटलसची कन्या निओबे हिनें आपल्या बहुप्रसवाच्या गर्वानें लेटो देवीस हिणविलें. लेटोचीं अपत्यें अपोलो व आर्टेमिस यांनीं तिचीं सर्व मुलें मारिलीं, आणि ती शिळा होऊन अश्रु ढाळीत राहिली. 'इलियड'च्या २४ व्या सर्गांत पुत्रशोकानें व्याकुळ झालेल्या प्रायमास जेवावयास बसवितांना अकिलीस हाच दाखला देतो : एवढ्या दुःखांतही निओबेनें अन्न घेतलें. पुढच्या चार ओळींत तिच्या शिळेचा उल्लेख येतो. अलेक्झांड्रियाचे टीकाकार अरिस्टोफेनीस (नाटककार नव्हे) व अरिस्टार्कस यांनीं त्या चार ओळी प्रक्षिप्त ठरविल्या. जी शिळा झाली ती जेवली कशी, आणि 'निओबे जेवली व दगड झाली, म्हणून तूंही जेव' हें सांत्वन कसलें, असा त्यांवरील आक्षेप. आमच्या मतें हा आक्षेप तर्काचा आहे, रसाचा नाहीं. जेवण होतें, पण शोक संपत नाहीं, हेंच तेथें सांगावयाचें आहे. तथापि एवढें निश्चित कीं, त्या ओळी काढिल्या तरी कथा उभी राहते. मातृशोकाच्या कथेस शिळेवांचून अडत नाहीं. आपल्याकडे अहल्येचें असेंच आहे. वाल्मीकींच्या अहल्येस शाप आहे तो अदृश्य होऊन भस्मांत पडून राहण्याचा. 'रघुवंशां'त मात्र ती शिलामयी होते.

आतां प्रत्यक्षदर्शी पॉसेनियस याची साक्ष पाहूं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील हा प्रवासी स्वतः सिपिलसवर चढला. तो म्हणतो कीं, जवळून पाहतां तेथें नुसता कडा आहे, रडणारी अथवा न रडणारी कोणतीच स्त्री नाहीं. दूर गेल्यावर मात्र मान खालीं घातलेली शोकाकुल स्त्री दिसते. या साक्षीचा उत्तरार्ध तेवढा उद्धृत करणारे तिच्यावर अन्याय करितात. त्याच पर्वताच्या अकपिनार येथील कड्यांत कोरलेली एक प्रचंड बैठी मूर्ति आहे. पूर्वीच्या कांहीं युरोपीय प्रवाशांनीं तिलाच निओबे मानिलें. परंतु ती इसवी सनापूर्वीं १३ व्या शतकाच्या सुमाराची, हित्ती काळांतील असून तिच्याजवळ लुवियन चित्रलिपींतील लेख आहेत. देवमातेची एक अतिप्राचीन प्रतिमा सिपिलसच्या खडकावर आहे व ती टँटलसपुत्र ब्रोटियस यानें केली असें म्हणतात, ही नोंद पॉसेनियस निराळ्या ठिकाणीं करितो. ती याच मूर्तीची, असें अनेक विद्वान् मानितात. म्हणजे निसर्गनिर्मित व मनुष्यनिर्मित यांचा जो भेद प्राचीनानें राखला, तो अर्वाचीनांनीं बुजविला. उलट पॅलिफेटस, निओबेच्या मुलांच्या थडग्यावर कोणीं दगडी पुतळा बसविला असेल, असें घरबसल्या सुचवून मोकळा होतो. त्याची युक्ति चतुर आहे, पण ती पुरावा नव्हे.

(२) क्रो मैदान. फ्रान्समध्यें ऱ्होन नदीच्या मुखाजवळ मुठीएवढ्या गोट्यांनीं भरलेलें हें विस्तीर्ण मैदान आहे. लिग्युरियन लोकांशीं लढतांना हेराक्लीसचे बाण संपले व झ्यूसनें त्याच्यासाठीं दगडांचा पाऊस पाडिला, ही एस्किलसच्या एका लुप्त नाटकांतील कथा स्ट्रॅबोनें राखिली आहे. त्याच ठिकाणीं ॲरिस्टॉटलचा भूकंपाचा तर्क व पोसिडोनियसचा गोठलेल्या सरोवराचा तर्क दिलेला आहे. पोसिडोनियस विनोदानें असेंही म्हणतो कीं, त्यापेक्षां झ्यूसनें ते दगड थेट लिग्युरियनांवरच टाकावयाचे होते! भूशास्त्राप्रमाणें हे गोटे ड्युरान्स नदीनें आपल्या जुन्या प्रवाहमार्गानें आणून टाकिले. येथें दगड आधीं व कथा मागाहून, हें उघड आहे.

(३) जोप्पा, म्हणजे हल्लींचें याफो. पर्सियसनें जिला सोडविलें त्या अँड्रोमेडेच्या सांखळ्यांच्या खुणा तेथील खडकावर दाखवीत, असें पहिल्या शतकांतील जोसेफस व प्लिनी दोघेही सांगतात. स्कॉरसनें इ. स. पूर्वीं ५८ सालीं आपल्या अधिकारवर्षांत तेथील सागरदैत्याचीं म्हणून ४० फूट लांबीचीं हाडें रोमला आणून दाखविलीं, हेंही प्लिनीच लिहितो. परंतु अँड्रोमेडा ही प्रचलित कथेप्रमाणें इथिओपियाच्या राजाची कन्या. तेव्हां कथा अन्यत्रची, खडक जोप्पाचा. येथें कथा आधीं आली व खडकास मागाहून साक्षीदार केलें.

तात्पर्य, तीन स्थळीं तीन प्रकार झाले : क्रोला दगडानें कथा घडविली, जोप्पाला कथेनें दगड शोधला, सिपिलसला दोहोंचा पूर्वापरभाव ठरत नाहीं. एकच सिद्धांत सर्वत्र लावणें हें संशोधन नव्हे. लोककथा खोटी म्हणून टाकून देणारा क्रोच्या निरीक्षणास मुकेल. ती इतिहास म्हणून घेणारा जोप्पाला फसेल. म्हणून अशी कथा हातीं येतांच तीन प्रश्न विचारावे : खडक कोणीं पाहिला, कोठून पाहिला, व सर्वांत जुना पाठ काय सांगतो? पॉसेनियस पर्वत चढला, जवळून पाहिलें, दुरून पाहिलें, व दोन्ही लिहून ठेविलें. टीकाकारानें त्याच्याइतके कष्ट घेतल्यावांचून निर्णय देऊं नये.