पदरचं वाक्य

न्हावऱ्याहून चौफुल्याला जाताना वाटेत भीमा लागते. अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. शिरूरकडे कवठे येमाईसारखं तमाशाची परंपरा असलेलं गाव, दौंडकडे चौफुल्याची संगीतबारी. दोन्हीकडे कलावंताला आयत्या वेळी जे सुचतं, त्याला आपण सरसकट ‘उत्स्फूर्त’ म्हणतो. एवढ्या एका शब्दावर भागवणं मला त्या कलावंतांवर अन्याय केल्यासारखं वाटतं.

‘उत्स्फूर्त’मध्ये स्फुरण आहे, बाहू स्फुरतात तसं. बैठकीच्या लावणीत कलावंतीण एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. पहिल्यांदा रुसवा नजरेत असतो. दुसऱ्यांदा तोच मनगटात उतरतो, बांगड्यांशी चाळा होतो. तिसऱ्यांदा नुसती मान वळते. ढोलकीवाल्याची नजर तिच्यावरून हलत नाही, कारण पुढची अदा त्यालाही ठाऊक नसते. शब्द एकही नवा नाही, तरी हे खरं उत्स्फूर्त.

‘हजरजबाबी’ची जात वेगळी. जबाब म्हटला की आधी सवाल हवा. उत्स्फूर्त एकट्यालाही होता येतं, हजरजबाबी व्हायला समोर कोणीतरी लागतं. तमाशातल्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या मावशीची वाट पेंद्या अडवतो, म्हणून तर तिचा टोला बसतो. त्यानं नीट अडवलंच नाही, तर मावशी कितीही तिखट असो, टोला हवेत जातो.

माझा जीव मात्र तिसऱ्या शब्दावर आहे: ‘पदरचं’. संहितेत नसलेलं वाक्य नटानं घातलं की ते पदरचं वाक्य. हल्ली ‘ॲडिशन घेतली’ असंही म्हणतात, पण त्यात नुसती भर पडल्याचं कळतं. ती कुठून आली हे पदर सांगतो. लुगड्याच्या पदराला गाठ मारून बायका पैसे जपत, नड आली की ती गाठ सोडत. पदरमोड म्हणतात ती हीच.

जुन्या वगात कथानक ठरलेलं, गाणी ठरलेली, पण बोलणं ज्याचं त्याचं असे. पुढे लिहून देणारे लेखकही मिळाले. कवठे येमाईच्या बशीर मोमीन कवठेकरांनी फडांसाठी वग लिहिले, लावण्या लिहिल्या. 2018 चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. पण वग कागदावर आला म्हणून पदरचं संपत नाही. राजा प्रधानाला राज्याची हालहवाल विचारतो, तेवढ्यात सोंगाड्या मध्ये तोंड घालतो आणि याच गावच्या रखडलेल्या ऊसतोडीचं गाऱ्हाणं मांडतो. सगळा तंबू हसतो. मागच्या मुक्कामी त्याच जागी कांद्याचा भाव होता.

फड दुपारी गावात उतरतो. तंबूचे खांब उभे राहीपर्यंत सोंगाड्या टपरीवर चहा घेत बसतो आणि कोणाचा ऊस अजून शेतात उभा आहे, ते विचारून घेतो.