दोन शून्ये

घासाघीस हाही संवादाचाच एक प्रकार आहे. नाटकातल्या पात्राप्रमाणे येथेही बोलणाऱ्याचा स्वभाव आणि त्याची गरज उघडी पडते. आता ही कला संगणकही शिकू लागला आहे. २०१७ साली फेसबुकच्या संशोधकांनी 'डील ऑर नो डील' या नावाचा एक प्रबंध प्रसिद्ध केला. माणसामाणसांतले ५,८०८ संवाद अभ्यासून त्यांची यंत्रे पुस्तके, टोप्या आणि चेंडू यांची आपसांत वाटणी करावयास शिकली.

त्या संवादांतली एक गंमत मान्य केलीच पाहिजे. ज्या वस्तूचे काडीचे मोल नाही तीच यंत्र कधीकधी हट्टाने मागते, आणि पुढे मोठ्या मनाचा आव आणून ती सोडून देते! ही लबाडी त्याला कोणी पढवली नव्हती. आपले गुण वाढवावेत, एवढेच ध्येय त्याच्यापुढे होते. एवढ्यावरून कोणी यंत्राला अप्रामाणिक ठरवील. मला हा दोष किरकोळ वाटतो. भाजीबाजार कोळून प्यालेल्या आपल्या आयाबहिणींना ही युक्ती का नवी आहे?

खरा दोष मांडणीतच आहे. सौदा फिसकटला तर दोघांनाही शून्य गुण, असा त्या खेळाचा नियम. म्हणजे दोघांची निकड सारखीच धरलेली! हा नियम उरणजवळच्या मोरा बंदरावर नेऊन पाहावा. सौदा मोडला तर व्यापारी करंजाला जाईल, ससून डॉकवर जाईल, नाहीतर उद्या येईल. कोळणीच्या पाटीतले म्हावरे मात्र उद्यापर्यंत थांबत नाही. बर्फ वितळतो आणि डिझेलची उधारी तशीच राहते. दोघांच्याही हाती शून्यच. पण एकाची फेरी फुकट जाते, दुसरीची चूल थंड राहते.

सौदा न झाल्यास कोणाच्या पदरी काय उरते, यावर सौद्याचा निकाल अवलंबून असतो, हे जॉन नॅशने १९५० सालच्या आपल्या निबंधात गणिताने मांडले होते. उद्या कोळीण आणि व्यापारी या दोघांच्याही फोनमध्ये सारख्याच हुशारीचे यंत्र बसवले, आणि दोन्ही यंत्रे अक्षरानेही खोटे बोलली नाहीत, तरी व्यापाऱ्याचे यंत्र थांबू शकेल; कोळणीच्या यंत्राला नमते घ्यावे लागेल.

तेव्हा यंत्राला सत्य बोलायला शिकवावेच. परंतु तेवढ्याने न्याय झाला असे समजू नये. ज्या बंदरावर कोळणीला माल ठेवायला शीतगृह आणि अडीनडीला सोसायटीचे कर्ज मिळेल, तेथे तिच्या यंत्राचा आवाजही आपोआप चढेल.